इंटरनॅशनल शाळेत ॲडमिशन तर मिळाली, पण मूल तिथलं झालं का?

मुंबईत इंटरनॅशनल शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अजून जुनंच चित्र येतं, कॉन्सुलेटवाल्यांची गोरी मुलं, एसी बस, आणि फीचा आकडा ऐकून आपण विषय बदलतो ते. फी काही कमी झालेली नाही, उलट वाढलीच आहे, पण आतली मुलं बदललीत. मी पश्चिम उपनगरातल्या अशाच एका शाळेत मराठी शिकवते, आणि ॲडमिशनचा सीझन आला की नात्यातले, ओळखीतले, सोसायटीतले पालक एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात, की आमचं मूल तिथे मिसळेल ना, त्याला वेगळं पाडणार नाहीत ना. शाळावाले याला इन्क्लूजन आणि बिलाँगिंग म्हणतात, त्यावर वर्कशॉप होतात, पॉलिस्या लिहिल्या जातात आणि पालकांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही, म्हणून जमेल तेवढं सोपं करून लिहितेय.

आधी ही मुलं कोण ते बघू. जिनिव्हातली इंटरनॅशनल स्कूल १९२४ साली निघाली, राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी. जो तो कुठून कुठून आलेला, त्यामुळे बहुतेक सगळेच पाहुणे. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट हा अभ्यासक्रम, तोसुद्धा तिथेच, १९६८ साली सुरू झाला. आपल्याकडे बाबुलनाथची बॉम्बे इंटरनॅशनल १९६२ मध्ये पालकांनीच एकत्र येऊन काढली, म्हणजे मुंबईलाही हा प्रकार तसा नवा नाही. पण आज अंधेरी, पवई, गोरेगाव, ठाण्यातल्या आयबी किंवा केंब्रिजच्या (हा इंग्लंडमधला आंतरराष्ट्रीय बोर्ड) वर्गात डोकावलात तर बहुतेक मुलं इथलीच दिसतील. गुजराती, मारवाडी, सिंधी, तमिळ, आपली मराठी, मधूनच एखादी कोरियन, दोन-चार न्यू जर्सी नाहीतर दुबईहून परत आलेली, एखादा स्कॉलरशिपवर आलेला, आणि आई तिथेच टीचर आहे म्हणून फीमध्ये सवलत मिळालेली दोघं-तिघं. पालिकेने तर स्वतःच्या काही शाळांत केंब्रिज आणि आयबी आणलंय. म्हणजे बहुतेकांचा पासपोर्ट एकच, पण घरं इतकी वेगवेगळी की काही विचारू नका, आणि इथला कोण नि बाहेरचा कोण हे आता पासपोर्टवरून कळत नाही.

यात कायदाही आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, आपण ज्याला आरटीई म्हणतो, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यात खासगी विनाअनुदानित शाळांनी सुरुवातीच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या असं आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालानंतर अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा यातून सुटल्या, आणि मुंबईत असा दर्जा असलेल्या शाळा काही कमी नाहीत. मग २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने आणखी एक पळवाट काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला हे २५ टक्के लागू नाहीत, आता मुंबईत असा परिसर शोधून दाखवा बघू जिथे किलोमीटरभरात पालिकेची शाळा नाही! मुंबई हायकोर्टाने जुलैमध्ये ती दुरुस्ती रद्द केली हे बरं झालं. पण कायदा तुम्हाला फार तर गेटमधून आत सोडतो, मधल्या सुट्टीत शेजारी कोण बसणार ते काही त्यात लिहिलेलं नसतं.

आणि खरा विषय तोच आहे. इन्क्लूजन हे शाळेने करायचं काम, म्हणजे प्रवेश, रॅम्प, जादा वेळ, भाषेची मदत, फीची सोय. बिलाँगिंग हे मुलाला वाटणं. पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही आणि गोंधळ नेमका इथेच आहे, कारण शाळा पहिल्याचे फोटो दाखवते आणि पालक दुसऱ्याबद्दल विचारत असतात.

आता 'वाटणं' मोजायचं कसं? कॅरल गुडेनाऊ नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९३ मध्ये त्यासाठी १८ विधानांची एक प्रश्नावली केली, जी अजून जगभर वापरतात. त्यातली विधानं फार साधी आहेत, साधारण अशी, की इथे मी जसा आहे तसा वागू शकतो, इथले टीचर माझा मान ठेवतात, मला एखादी गोष्ट चांगली जमली तर ती इथे लोकांच्या लक्षात येते, आणि एक उलटं, की मी दुसऱ्या शाळेत असतो तर बरं झालं असतं. हे शेवटचं तुम्ही घरी सरळ विचारलंत तर मूल "नाही गं" म्हणेल, कारण फी किती भरताय हे त्याला माहीत असतं. लक्षात येण्याबद्दलचं मात्र विचारून बघा, तुला काय चांगलं येतं हे शाळेत कोणाकोणाला माहितीये? उत्तरात एकही नाव आलं नाही तर थोडं थांबून विचार करायला हवा.

बरं, नाही वाटलं आपलं, तर बिघडतं काय, अभ्यास करायला गेलाय ना, असं आजोबा लोक विचारतात आणि प्रश्न चुकीचा नाहीये. होतं काय, की ज्या मुलाला आपण इथले आहोत की नाही याचीच खात्री नसते ते प्रत्येक बारीक गोष्टीत पुरावा शोधत बसतं. ग्रुपमध्ये उशिरा घेतलं, पुरावा. टीचरने नाव चुकीचं उच्चारलं, पुरावा. गणितात कमी मार्क पडले की इतरांना वाटतं पेपर कठीण होता, याला वाटतं मी या शाळेचा नाहीच. डोक्याचा अर्धा वेळ त्यातच जातो. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी यावर अमेरिकेतल्या कॉलेजात एक छोटासा प्रयोग केला, फर्स्ट इयरच्या मुलांना सीनियर्सचे अनुभव वाचायला दिले, की सुरुवातीला आम्हालाही असंच परकं वाटायचं, बऱ्याच जणांना वाटतं, आणि ते हळूहळू जातं. जेमतेम तासाभराचं काम. २०११ मध्ये त्यांनी निकाल छापले तेव्हा पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मार्कांतली दरी निम्मी झालेली दिसली. आता हे वाचून कोणालाही वाटेल की वा, एक असेंब्ली घेतली की काम झालं. पण नंतर २२ कॉलेजांमध्ये मिळून हाच प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०२३ ला आले, आणि त्यातून दिसलं की जिथे त्या गटातल्या मुलांना खरोखर आपलेपणाची संधी होती तिथेच हा उपाय चालला. जागाच तशी नसेल तर नुसतं 'होईल सगळं नीट' सांगून काही होत नाही.

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. दुपारी बस सुटायच्या आधी तो ड्रायव्हर काकांशी अस्सल मालवणी वळणाच्या मराठीत गप्पा ठोकायचा, गणपतीला गाडीचं तिकीट मिळालं का, यंदा आंबा कसाय, असं सगळं. आणि वर्गात धडा वाचायला उभा केला की अडखळायचा, 'शाळा'ला 'शाला' म्हणायचा, 'मला' आणि 'मळा' एकसारखे काढायचा. मुद्दाम. मी आधी काही बोलले नाही, फक्त बघत राहिले. आमच्या शाळेच्या बिल्डिंगमध्ये मराठी कोण बोलतं? सिक्युरिटी, मावशी, बसवाले काका, पंपवाले दादा. टीचर लोक आपापसात इंग्लिश नाहीतर हिंदी, मुलं इंग्लिश, प्रिन्सिपल इंग्लिश. कोणी कोणाला काही शिकवलेलं नाही, तरी अकरा वर्षांच्या मुलाला बरोब्बर कळतं की इथे ही भाषा चांगली येणं म्हणजे आपण कुठल्या बाजूचे हे उघड करणं. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने कुठल्याही बोर्डाच्या शाळेला मराठी शिकवणं सक्तीचं आहे, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, त्यामुळे टाइमटेबलात माझा तास पक्का आहे. पण त्या मुलाची अडचण तासाची नव्हतीच.

यावरचं सगळ्यात कामाचं उत्तर १९५४ सालचं आहे. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र ठेवून त्यांच्यातले पूर्वग्रह जात नाहीत, कधी कधी वाढतातच. चार गोष्टी लागतात. त्या कामापुरता तरी दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वरच्या माणसांचा या सगळ्याला उघड पाठिंबा हवा. आता आपल्या नेहमीच्या ग्रुप प्रोजेक्टला ही फूटपट्टी लावा. ज्याच्या घरी प्रिंटर आणि मोकळी आई आहे त्याच्याकडे सगळे जमतात, ज्याचं इंग्लिश भारी तो प्रेझेंटेशन करतो, आणि उरलेला मागे चार्ट धरून उभा. चारातली एकही अट पुरी होत नाही, आणि टीचर मात्र डायरीत लिहितात कोलॅबरेशन झालं.

१९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र केल्यावर भांडणं पेटली तेव्हा इलियट ॲरन्सन यांनी जिगसॉ पद्धत काढली. धड्याचे तुकडे करायचे, ग्रुपमधल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा, तो दुसऱ्या कोणाकडे नाही, त्यामुळे बोलायला बिचकणाऱ्या मुलाचं ऐकून घेतल्याशिवाय कोणाचाच धडा पूर्ण होत नाही. यात प्रेमाने वागा वगैरे उपदेश नाही, रचनाच अशी की गरज पडते. आम्ही त्या वर्षी तसलंच काहीतरी केलं. ही बिल्डिंग चालते कशी या विषयावर क्लास टीचर आणि मी मिळून पंपवाले दादा, हाउसकीपिंगच्या मावशी आणि बसवाल्या काकांना वर्गात बोलावलं, पुढे खुर्च्या टाकून बसवलं, पूर्ण नाव घेऊन ओळख करून दिली (रोज ज्यांच्या हातून पाण्याची बाटली भरून घेतात त्या मावशींचं आडनाव मुलांना पहिल्यांदा कळलं), आणि नियम एकच ठेवला की प्रश्न मराठीतच. टाकीत पाणी किती वाजता चढतं, टँकर कधी मागवावा लागतो, एवढं विचारायलासुद्धा बाकीच्या ग्रुपला या पोराशिवाय चालेना. तो तासभर दुभाष्या झाला आणि 'ळ'च्या जागी एकदाही 'ल' म्हणाला नाही. पुढच्या आठवड्यात धडा वाचताना परत थोडं शाला-शाला झालंच, एका तासाने काही सगळं उलटंपालटं होत नाही. पण त्यानंतर दोन मुली मधल्या सुट्टीत त्याला विचारायला यायला लागल्या, अमुक कसं म्हणायचं तमुक कसं म्हणायचं, हे मी पाहिलंय.

गरीब मुलं आली की आमच्या मुलांचा दर्जा घसरेल, ही भीती पालकांच्या ग्रुपवर दबक्या आवाजात असतेच, तर त्याचाही अभ्यास झालाय, आणि तो आपल्या देशातलाच आहे. दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या, त्यावर अर्थतज्ज्ञ गौतम राव यांचा पेपर २०१९ मध्ये आला. श्रीमंत मुलं जास्त उदार झालेली दिसली, इतरांसाठी काही करायला जास्त तयार, खेळात पार्टनर निवडताना गरीब मुलाला कमी टाळणारी. हिंदी आणि गणितात फरक नाही, इंग्लिशच्या मार्कांवर मात्र थोडा उलटा परिणाम दिसला, हेही त्यांनी लपवलेलं नाही. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काही शाळांमध्ये स्टडी ग्रुप नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे पाडले जात होते, आणि ज्यांच्या ग्रुपमध्ये गरीब मुलं आली त्यांच्यात बदल जास्त होता. म्हणजे फरक नुसता एका वर्गात असण्याने पडला त्यापेक्षा एकत्र काम करण्याने जास्त पडला. मुलांना आपापले ग्रुप निवडू देणं हे स्वातंत्र्य वगैरे वाटतं, पण त्यात कोण नेहमी शेवटी उरतो ते एकदा मोजून बघा.

पैशाचं तर काय, त्यावर कोणी बोलतच नाही. फी माफ असते पण शाळा रोज थोडा थोडा खर्च मागत असते. बुक वीकला कॅरेक्टरचा ड्रेस, बेक सेलला घरून केक, स्पोर्ट्स डेला हाउसच्या रंगाचे शूज, वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट, आणि ट्रिप 'ऑप्शनल' असते पण सोमवारी सगळा वर्ग तिच्याबद्दलच बोलतो. सर्क्युलर लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याच्या डोळ्यासमोर फक्त एकाच प्रकारचं घर असतं. सुट्टीत कुठे गेलात हा निबंध तर मी बंदच केला. एक स्वित्झर्लंड, एक जपान, आणि एक 'गावी' असं एका शब्दात उरकणारा. त्याऐवजी सुट्टीत सगळ्यात जास्त कंटाळा कधी आला त्यावर लिहायला दिलं, आणि सांगते, कंटाळा स्वित्झर्लंडलाही भरपूर येतो. आयबी डिप्लोमाच्या मुलांना कॅस नावाचा भाग असतो, त्यात समाजसेवा येते, मग मुलं एखाद्या वस्तीत इंग्लिश शिकवायला जातात. त्याच वस्तीतून कोणी स्कॉलरशिपवर तुमच्या वर्गात असेल तर त्याने त्या दिवशी बसमधून कुठल्या बाजूला उतरायचं?

भाषेबद्दल पालकांना एक नक्की सांगायचंय. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच फरक करून दाखवला की गप्पांची भाषा वेगळी नि अभ्यासाची वेगळी. गप्पांपुरतं इंग्लिश वर्ष-दोन वर्षांत येतं, पण विज्ञानाचा उतारा वाचून मुद्दा मांडण्याएवढं यायला साधारण पाच ते सात वर्षं लागतात. त्यामुळे चौथीत मराठी मीडियममधून आलेलं किंवा कोरियातल्या सोलहून आलेलं मूल फाडफाड बोलायला लागलं की टीचर मदत काढून घेतात आणि मग मार्क का पडत नाहीत म्हणून सगळे चक्रावतात. आणि कोणी तुम्हाला घरी मराठी बंद करा असं सांगितलं तर गोड हसून दुर्लक्ष करा, कारण घरची भाषा पक्की असेल तर तिचा दुसऱ्या भाषेला आधारच होतो, हेसुद्धा कमिन्सच सांगतात.

शिकण्यातल्या अडचणी आणि अपंगत्व यावर वेगळा लेख लागेल, इथे थोडक्यात. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली कुलाब्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी देशातली अशी पहिली शाळा काढली, आणि नंतर त्याच संस्थेने या मुलांना नेहमीच्या शाळांच्या वर्गात न्यायचं काम हातात घेतलं, म्हणजे ही वाट या शहराला चांगली माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारख्या अडचणी आता त्यात आहेत. पण शाळांत होतं काय, शॅडो टीचर लावतात, बऱ्याचदा पालकांच्याच खर्चाने, आणि ती ताई दिवसभर मुलाला चिकटून बसते. मदत होते, हो, पण मोठं माणूस सतत शेजारी असलं की दुसरं मूल जवळ फिरकतच नाही. डब्याच्या वेळी तरी ताईने दुसऱ्या टोकाला बसावं, एवढं मागून बघा.

रूथ युसीम नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाई १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या, त्यांनीच 'थर्ड कल्चर किड' ही कल्पना पुढे आणली, आईवडिलांच्या देशाचंही पूर्ण नाही नि राहत्या देशाचंही नाही असं मूल. न्यू जर्सीहून परत आलेल्या मराठी घरातली मुलं अगदी हीच असतात, फक्त दिसायला आपल्यासारखी, म्हणून त्यांना कोणी नवीन धरतच नाही. कोरियन मुलीला बडी, म्हणजे सुरुवातीला सोबत करणारी वर्गमैत्रीण, मिळते, यांना मिळत नाही.

आणि हो, इंटरनॅशनल डे. झेंडे, नऊवारी, पुरणपोळी, भांगडा, फोटो. माझं काही वैर नाही, पुरणपोळी मीही दोन खाते. पण वर्षातून एकदा तुमच्या घरचं खाणं स्टॉलवर मांडतात आणि एरवी त्याच पोराच्या डब्यात सुकट निघाली की सगळे नाकं मुरडतात, तर त्या मुलाच्या लक्षात काय राहणार हे वेगळं सांगायला नको. शाळा कशी आहे बघायची असेल तर ओपन हाउसला जाऊ नका, एखाद्या साध्या मंगळवारी मधल्या सुट्टीत कॅन्टीन बघायला मिळतंय का विचारा.

ॲडमिशनच्या वेळी आणखी एक करता येतं. आयबी शाळांना इन्क्लूजन पॉलिसी आणि लँग्वेज पॉलिसी लेखी ठेवावी लागते, ती मागा. त्यात मुलांशी बोलून काही बदललंय का, आणि शेवटचं कधी बदललंय, ते विचारा. ट्रिप, ड्रेस, लॅपटॉप धरून वर्षाचा फीबाहेरचा खर्च किती, स्कॉलरशिपमध्ये त्यातलं काय येतं, ग्रुप कोण पाडतं, शॅडो टीचरचे पैसे कोण देतं, हेही विचारा. काउंटरवरची मुलगी बऱ्याचदा 'मॅम, आय विल गेट बॅक टू यू' म्हणते, तिचाही दोष नसतो, तिला कोणी हे विचारलेलंच नसतं. तिथल्या तिथे कोऑर्डिनेटरचा मेल आयडी लिहून घ्या आणि त्याच दिवशी मेल टाका, लेखी प्रश्नाला उत्तर जरा बरं मिळतं.